शैलाताई आणि बंदुकीवरची बॅटरी

पाहुणा आला की चहा विचारायच्या आधी खोलीचे पडदे ओढून घेणारी बाई आमच्या शारजातल्या बिल्डिंगमध्ये एकच आहे. शैलजा मोहिते. पडदे ओढून झाले की दिवे बंद होतात आणि काळोखातून आवाज येतो, "निखिल, समोरच्या भिंतीकडे बघ." मग खटकन आवाज, आणि डोळ्यांपुढे बॅटरीचा पांढराशुभ्र लोळ.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही, शैलाताई."

"करेक्ट! मलापण नाही. पांढऱ्या भिंतीवरून सगळा उजेड परत आपल्याच डोळ्यांत. चोर राहिला बाजूला, आपणच आंधळे. म्हणून सांगते, नुसत्या लुमेनवर, उजेडाच्या आकड्यावर, जाऊ नये."

दिवे लागतात. चहा येतो. चहा फक्कड असतो, पण कप कुठे ठेवलाय ते पुढची काही मिनिटं चाचपूनच शोधावं लागतं.

शैलाताई दुबईतल्या एका मसाल्याच्या कंपनीत क्वालिटी बघतात. मी त्यांच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहतो, आणि माझं ऑफिस त्यांच्या वाटेवर आहे. त्यामुळे रोज सकाळी मी त्यांच्या गाडीत आणि गाडी ट्रॅफिकमध्ये, अशी आमची मैत्री झाली. शारजा-दुबई रस्त्यावर माणसाला दोनच गोष्टी करता येतात, चिडणं किंवा ऐकणं. मी ऐकत आलो. उजेडाचा झोत लांब जाणं वेगळं आणि आजूबाजूला पसरणं वेगळं, दाबून धरलं तेवढाच वेळ पेटणारा स्विच चांगला की एकदा दाबून पेटता राहणारा, बार उडाला की हलक्या बॅटरीतले सेल जागेवरून कसे हलतात आणि नेमक्या वेळी अंधार कसा होतो, हे सगळं मला आता माझ्या कामापेक्षा जास्त येतं.

तुम्ही म्हणाल, शारजात कशाला हवंय हे? इथे बाकावर मोबाईल विसरलात तर संध्याकाळी तो तिथेच सापडतो. आणि बंदूक तर आपल्यासारख्यांनी फक्त पोलिसाच्या कमरेला बघायची. पण शैलाताईंची बंदूक इथे नव्हतीच. ती होती गावी, आजऱ्याच्या पुढे, त्यांच्या वडिलांच्या पलंगाशेजारी.

वडिलांना त्या अप्पा म्हणतात. अप्पा ऐंशीच्या पुढचे, रानातल्या घरात एकटे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगी एकच, ती इकडे शारजात. पीकसंरक्षणासाठी सरकारनं दिलेल्या लायसनची एकनळी बंदूक त्यांच्याकडे तरुणपणापासून. उसात रानडुकरं यायची, त्यासाठी. मग शेजारच्या वस्तीवरून पाण्याची मोटर चोरीला गेली, आणि बंदूक खुंटीवरून उतरून पलंगाशी आली. त्या दिवसापासून शैलाताईंची झोप उडाली.

"त्यांनी चोराला मारायची मला भीती नाही रे," त्या एकदा सिग्नलला म्हणाल्या. "भीती ही आहे की ते कुणाला चोर समजतील. अंधारात पाहुणा आला, गडी आला, संभाजी आला. आधी ओळख, मग बाकीचं. आणि ओळखायला उजेड लागतो." संभाजी म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, अप्पांच्या घराशेजारीच राहतो.

"मग त्यांना इकडेच आणा ना."

"म्हटलं. म्हणतात, तुझ्या त्या खोक्यात मी काय करू? बंदूक देऊन टाका म्हटलं, तर फोन ठेवतात. मग राहिलं काय? बंदुकीवर बॅटरी."

कॉलेजात एनसीसीत असताना त्या रायफल चालवायच्या, त्यामुळे या विषयात आपल्याला गती आहे असा त्यांचा समज होता आणि तो बराचसा खराही होता. अडचण एवढीच होती की दुबईत असली खरेदी करायची कशी. बर दुबई या जुन्या बाजारभागातल्या एका दुकानात त्या सरळ म्हणाल्या, "भैया, बंदूक के लिये टॉर्च चाहिये." दुकानदार दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, नो गन! हमारा बच्चा लोग है!" मी हात जोडून त्यांना बाहेर आणलं. पुढच्या दुकानात त्यांनी सुधारणा केली. म्हणाल्या, "झाडू को लगाना है."

दुकानदारानं बॅटरीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "झाडू के लिये हजार लुमेन?"

"पलंग के नीचे बहुत अंधेरा है."

ही थाप मारताना त्यांना एक कल्पना सुचली. बंदूक नाही तर नाही, मॉपची दांडी आहे! लांबी साधारण तेवढीच. वजनासाठी त्यांनी तिला तांदळाच्या पिशव्या बांधल्या आणि पुढच्या टोकाला बॅटरी. घरात हे प्रयोग सुरू झाले तेव्हा त्यांची मुलगी इरा दार लावून घ्यायची. "मॉम, प्लीज. मैत्रिणी येणार आहेत म्हणजे, लाइक, नॉर्मल माणसं." दणका सोसते का हे बघायला बॅटरी सोफ्यावरून गालिच्यावर आपटायचा कार्यक्रम असे. खाली माझ्या छताला ते कळे.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. "घरातल्या भिंती जवळ पडतात. मला अंगणाएवढं अंतर पाहिजे. त्या कोपऱ्यातल्या ट्यूब गेल्यात, छान अंधार आहे. तू डुक्कर हो."

"काय हो?"

"डुक्कर. खांबामागून ये. वाकून ये, नाहीतर उपयोग नाही."

माणसाला शेजारधर्म कुठवर नेईल सांगता येत नाही. ऑफिसची पँट घालून मी खांबामागे ओणवा झालो. पलीकडून शैलाताई मॉप खांद्याला लावून सावकाश येत होत्या. तेवढ्यात एका पांढऱ्या गाडीमागे खुडबुड झाली. शैलाताई गर्रकन वळल्या, झोत पडला, आणि त्या झोतात दोन्ही हात वर करून आमचा नातूर उभा. नातूर म्हणजे इथला वॉचमन, ताईंना 'बाजी' म्हणणारा. त्याच्या पायाशी दुधाची वाटी लवंडलेली आणि मांजर पसार.

"बाजी! मैं हूँ, रहमत! खुदा के वास्ते!"

मी ओणव्याचा उभा राहिलो, ते पाहून तर तो आणखीच घाबरला. मग त्याला मॉप दिसला. तांदळाच्या पिशव्या दिसल्या. "बाजी, ये तो पोछा है," तो म्हणाला आणि खो खो हसत सुटला. मीही हसलो. शैलाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रहमतची माफी मागितली, वर जाऊन मांजरासाठी दूध आणून दिलं, आणि लिफ्टमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"निखिल, मी त्याला बघायला उजेड टाकला," त्या म्हणाल्या. "पण उजेड पडला तेव्हा नळी त्याच्या छातीवर होती. बंदुकीवर बॅटरी म्हणजे जिथे बघशील तिथे बंदूक. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

त्या दिवसापासून नियम बदलला. बॅटऱ्या दोन. एक हातातली. बघायचं, शोधायचं, कोण आहे विचारायचं ते तिनेच. बंदूक तोवर जमिनीकडे, बोट चापाबाहेर. बंदुकीवरची बॅटरी पेटवायची ती समोर डुक्करच आहे हे पक्कं झाल्यावर, आणि दाबून धरलं तेवढीच. शेवटी त्यांनी निवडलेली बॅटरी दुकानातली सगळ्यात झगझगीत नव्हतीच. मध्यम उजेड, चांगला पसरणारा, मोठा रबरी स्विच, आणि सेल असे की आजऱ्याच्या बाजारात मिळावेत. संभाजी दुबई बघायला आला होता, त्याच्याबरोबर दोन्ही बॅटऱ्या गेल्या. शैलाताईंनी त्याला इतक्या वेळा समजावलं की विमानतळावर तो इमिग्रेशनच्या माणसालाही म्हणाला असेल, एक हातातली, एक बंदुकीवरची.

आठवडाभर गाडीत शांतता होती. गाणी लागायला लागली. मला वाटलं, खलास, सुटलो. मग एका सकाळी ट्रॅफिकमध्ये अप्पांचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर खणखणीत आवाज.

"पोरी, झ्याक बॅटरी हाय गं! काल त्या उजेडात चप्पल घावली बघ."

शैलाताई खुलल्या. "आवडली ना? म्हटलं नव्हतं, हातातली हलकीच बरी."

"हातातली न्हवं गं. ती संभाजीच्या पोरास्नी दिली खेळाय. दोन-दोन काय करायच्यात? बंदुकीवरची हाय की."

आमच्या पुढची गाडी सरकली. शैलाताई सरकल्या नाहीत. मागून हॉर्न सुरू झाले.

"अप्पा. तुम्ही बंदूक घेऊन चप्पल शोधलीत?"

"मग? आनि गोठ्यात गेलो, म्हशीस्नी बघितलं. संभाजी आला हुता, त्येच्या तोंडावर मारून बघितला उजेड. लांबनंच वळखला!"

"बंदूक रिकामी होती?"

"रिकामीच की."

"नक्की?"

फोनवर थोडा वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज आला. "हुती असंल," अप्पा म्हणाले.

शैलाताई जे ओरडल्या ते मी इथे लिहीत नाही. मागचा टॅक्सीवालासुद्धा हॉर्न वाजवायचा थांबला. अप्पांनी फोन ठेवला तो ठेवलाच. पुढे त्यांनी उचललाच नाही. त्याच संध्याकाळी शैलाताईंनी संभाजीला सांगून काडतुसं त्याच्या कपाटात हलवली आणि स्वतः सुट्टी टाकून गेल्या.

परत आल्या त्या सोमवारी मी गाडीत बसलो. गाणी नव्हती, लुमेन नव्हते. बराच रस्ता गेल्यावर त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

"दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, शिकव काय शिकवायचं ते. मग भर दुपारी माजघराची दारं-खिडक्या लावून घेतल्या. बंदूक बाहेरच ठेवली. संभाजीच्या पोरांकडून हातातली बॅटरी आणली, अप्पांच्या हातात दिली. मी दारात उभी राहिले. म्हटलं, उजेड टाका आणि सांगा समोर कोण आहे ते. मगच पुढचं."

"मग?"

"टाकला. सरळ तोंडावर. मी वाट बघतेय. हे नुसते बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, 'सुमन?'"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझी आई," त्या म्हणाल्या. गिअर बदलायची गरज नसलेल्या गाडीत त्यांचा हात उगाचच गिअरवर गेला. "मला सांगायला हवं होतं ना, की मी शैला आहे. पण निखिल, त्यांचा चेहरा असा काही झाला होता की... मी गप्पच उभी राहिले. हात दुखेपर्यंत त्यांनी बॅटरी धरून ठेवली. मग त्यांचं त्यांनाच कळलं. म्हणाले, 'तू व्हय शैली. मला उजेडात बी धुकंच दिसतंय गं. माणूस हाय एवढं कळतंय.' संभाजीला लांबून ओळखला म्हणे! तो खोकत येतो, त्यावरून ओळखला."

"मोतीबिंदू?"

"दोन्ही डोळ्यांत. पिकलेला. वर्षभर मी बॅटऱ्या तपासल्या. डोळे तपासायचं सुचलंच नाही मला."

बंदूक अप्पांनी स्वतःच उचलून दिली. ती जुन्या धोतरात गुंडाळून ते आणि शैलाताई तालुक्याला गेले आणि पोलीस ठाण्यात ती जमा करून आले. वाटेत अप्पांनी भजी खाल्ली आणि म्हणाले, पाठीवरचं वझं उतरलं. रानडुकरांसाठी संभाजीनं कुंपणाला सोलरवरचं झटका मशीन बसवलं. शैलाताईंची सुट्टी संपत आली होती, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवून त्या परतल्या. पुढचं सगळं संभाजीनं केलं. आधी एक डोळा, मग दुसरा. अप्पा रोज फोनवर डॉक्टरला नावं ठेवत, म्हणजे प्रकृती चांगली होती.

आणि मग खोक्यात काय करू म्हणणारे अप्पा आपणहून म्हणाले, "यिऊ काय गं थोडं दिस?"

त्यांना आणायला आम्ही तिघं शारजा विमानतळावर गेलो. शैलाताई, इरा आणि मी. इरानं कागदावर मराठीत 'अप्पा' लिहून आणलं होतं. अक्षर शिकाऊ माणसाचं होतं, पण तिनं ते कुणाला न विचारता लिहिलं होतं. माणसं बाहेर येत होती, ट्रॉल्या, रडणारी बाळं, लोणच्याच्या बरण्या. त्यांत पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि काळा चष्मा घातलेले एक ताठ म्हातारे बाहेर आले आणि कठड्यापाशी थांबले.

शैलाताई पुढे झाल्या. वाकून नमस्कार केला. "अप्पा, मी."

अप्पांनी चष्मा काढला. विमानतळाच्या त्या झगझगीत उजेडात त्यांनी पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निरखून बघत राहिले. कपाळ बघितलं, डोळ्यांखालचं बघितलं, कानामागचे केस बघितले. मागची गर्दी दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होती.

"शैले," ते म्हणाले, "तुझं केस कवा पिकलं गं?"

शैलाताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम.

"दरसाल येत हुतीस," अप्पा म्हणाले, "आनि मला वाटायचं, माझी पोर अजून तशीच हाय."