आफ्रिकावालीचा रोवणा

सिंचाई विभागात चौतीस वर्षं घासलेल्या माणसाला कुंडीतल्या एका झाडाला पाणी कसं घालायचं, हे कुणी शिकवावं? छे! निदान चंद्रशेखररावांना तरी तसंच वाटत होतं, आणि घात झाला तो तिथेच.

झाड त्यांच्या पत्नीचं. पुष्पलताबाई गेल्या श्रावणात गेल्या. मागे उरले चंद्रशेखरराव, बालाघाटचं तीन खोल्यांचं घर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतली आफ्रिकन व्हायलेट. लवदार पानं, जांभळी फुलं, मुक्काम श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. बाई तिला ‘माझी आफ्रिकावाली’ म्हणायच्या आणि आजाऱ्याला पाजावं तसं चमच्यानं पाणी पाजायच्या.

त्या गेल्यापासून भोपाळची लेक श्रुतिका बाबांना न्यायला टपून बसली होती. तेराव्याला भांडण झालं, आणि त्यातूनच तोडगा निघाला.

“बाबा, आईचं हे झाड वर्षश्राद्धापर्यंत जगवून दाखवा. जगलं तर इथेच राहा, मी काहीच नाही बोलणार. नाही तर सीधा भोपाळ!”

“मंजूर!”

भोपाळचा तो सहावा मजला त्यांना नको होता. इथे निदान बाईंचा चष्मा अजून फ्रिजवर पडलेला होता.

दहा महिने त्यांनी मुकाट्यानं चमचा धरला. झाड जगलं. पण आषाढ लागला, गावोगाव धानाचे रोवणे, म्हणजे चिखलातली भातलावणी, सुरू झाले आणि रावांच्या हाताला खाज सुटली. नुसतं जगवणं हा काय पराक्रम? जन्मभर श्रीखंडाच्या डब्यात? अन्याय आहे हा! घराणं लांजीकडचं, सात पिढ्या धानवाल्यांच्या. लागवडीची एकच रीत रक्तात. त्यांनी गावी धाकट्या भावाला, प्रेमलालला फोन लावला.

“बांधीतला चिखल पाठव. पोतंभर.”

“काहून गा, दादा?”

“रोवणा करून राह्यलो.”

“बालाघाटात? तब्येत बरी आहे न तुही?”

“तुले का करायचं? पाठव!”

या वयात फुलझाड लावतो आहे, हे भावाला सांगायची त्यांना लाज वाटली. ही लाज पुढे फार महागात पडली.

बसच्या टपावरून भातखाचरातल्या चिखलाचं पोतं आलं. रावांनी कपडे धुवायचा टब घेतला, चिखल ओतला आणि जागा नसल्यामुळे एकाच पायानं तुडवला. आफ्रिकावालीची मुळं धुतली, अंगठ्यानं चिखलात दाबली, वर दोन बोटं पाणी उभं केलं आणि टब गच्चीवर, ऊन-पावसात!

“आता पाह्य, पुष्पा!” ते भिंतीवरच्या फोटोला म्हणाले.

चौथ्या दिवशी पानं पिवळी पडून शिजलेल्या पालकासारखी झाली.

“प्रेमलाल, रोवणा पिवळा पडून राह्यला!”

“मूठभर युरिया हाण. अन् पानी तुटू देऊ नको!”

हाणला. दुसऱ्या दिवशी सगळं काळं.

“काळा पडला रे!”

“काळा? दादा, कोणता धान लावला तू?”

रावांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाठ केली. मग म्हणाले, “आफ्रिकेचा.”

“हौ का? मंग मले नाही समजत.” फोन बंद!

रविवारी श्रुतिकाचा व्हिडिओ कॉल असायचा. रावांनी अंगणातली जांभळी सदाफुली तोडली, देठ चिखलात खोवले आणि फोन लांबूनच फिरवला.

“अरे वा, बाबा! इतकी फुलं? आईनं पाह्यलं असतं न...” आणि लेक तिकडे रडायला लागली.

त्या दिवशी रावांना घास गेला नाही.

आठवड्यानं टबात हिरवे कोंब दिसले. रावांच्या काळजानं उडी मारली. परत आली! धावत जाऊन चष्मा लावला, वाकून पाहिलं. धान! बांधीच्या चिखलातूनच दाणे आले होते. धानवाल्याची नजर ती, फसेल कशी?

श्राद्धाला आठ दिवस होते. गोंदियाला जाऊन नवी व्हायलेट आणता आली असती, कुणाला कळलंही नसतं. फक्त टब रिकामा करायचा. ते गच्चीवर गेले, कोंब मुठीत धरले. पण सांडलेला दाणासुद्धा उचलून कपाळाला लावणाऱ्या घरातला हात तो. उभं धान उपटेना! शिवाय वर्षभरात या घरात आपणहून उगवलेलं तेवढंच होतं.

श्राद्ध झालं, पानं उठली आणि श्रुतिका गच्चीवर आली.

“बाबा, आईचं झाड?”

“गेलं. आषाढातच. मीच मारलं, बेटा.”

“आणि ती फुलं?”

“सदाफुलीची.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टबाशेजारी बसली, धानावरून हात फिरवला, जराशी हसली, मग पदरानं डोळे पुसले.

“बॅग भरा, बाबा.”

त्यांनी भरली. बाईंचा चष्मा घेतला, आणि टब भोपाळपर्यंत मांडीवर धरून नेला.

आता सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत लोंब्या धरल्या आहेत. परवा शेजारीण डोकावली. “अंकल, ये कौन सा प्लांट है?”

“अफ्रीकन वायलेट,” चंद्रशेखरराव मान वर न करता म्हणाले. “पानी चम्मच से देना पड़ता है.”