ते सांबार घेऊन आले

रविवारी दुपारी रंजीताने पाच स्टीलचे डबे ओट्यावर ओळीने मांडले आणि इथेच सगळं बिघडलं.

डब्यांना कारण होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात तिला सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी लागली होती. बस सकाळी पावणेआठची. मूल गावाहून सासूबाईंचा, म्हणजे रुखमाबाईंचा, फोन आला होता. "नोकरी कर, माह्यं काही म्हननं नाई. पन माह्या पोराच्या डब्ब्यात घरचं जेवन पाह्यजे. मी शुक्रवारी येऊन चाखून पाह्यतो. नाई जमलं, त नोकरी सोड."

म्हणून रंजीताने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. रविवारी एकदाच रस्सा करायचा, पाच डब्यांत भरायचा, सोम ते शुक्र अशा चिठ्ठ्या लावून फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी गरम करा, चार पोळ्या लाटा, दोन टिफिन भरा, पळा. व्हिडिओतली बाई शेवटपर्यंत हसत होती. (रंजीताने मीठ दोनदा घातलं की एकदाही नाही, हे तिला आजतागायत आठवत नाही.)

आता क्वार्टरविषयी. ऊर्जानगरच्या अगदी शेवटच्या रांगेतलं ते क्वार्टर. पलीकडची दोन रिकामी, खिडक्यांतून वेली आत गेलेल्या. मागे भिंत पडलेली आणि भिंतीपलीकडे सरळ झुडपी जंगल. थंडीत सकाळी धुकं आणि चिमणीचा धूर एकमेकांत असे मिसळत, की अंगणातली तुळस दिसायची नाही. दिवसभर पॉवर हाऊसची एक घुमघुम चालू असायची. ती थांबली की कसं वाटेल, या विचारानेच रंजीताला घाम फुटे. आधीच ती दचकी. स्वतःच्या मोबाईलची रिंग वाजली तरी "आई गं!" म्हणणारी.

सोमवारी ग्रंथालयात तिने टिफिन उघडला. शेजारच्या टेबलावरच्या दीपिकाने एक घास घेतला आणि अर्धी बाटली पाणी प्यायली. "वेगळाच आहे गं," एवढंच म्हणाली.

मंगळवारी रंजीताने मंगळवारचा डबा उघडला आणि चिठ्ठी दोनदा वाचली. रश्श्यावर हिरवागार सांबार भुरभुरलेला होता. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पण तिने तो घातलाच नव्हता! घरात सांबाराची काडीसुद्धा नव्हती.

त्या दिवशी दीपिकाने टिफिन चाटूनपुसून संपवला.

बुधवारच्या डब्यात तर चक्क वांगं निघालं. रंजीताने रविवारी बटाटा घातला होता. बटाटा गेला कुठे? आणि ओट्यावर एक पळी विसळून, पालथी घालून ठेवलेली. रोशनवर, म्हणजे नवऱ्यावर, संशय घ्यायला जागाच नव्हती. साडेआठ ते साडेपाच तो पॉवर हाऊसात ड्यूटीवर, आणि लग्न झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्याने चमचासुद्धा विसळलेला तिने पाहिला नव्हता. एखादं भूत पळी विसळेल, हे तिला जास्त पटण्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ती शेजारच्या बायनाबाईंकडे गेली. त्या अंगणात वाळवणाच्या वड्या गोळा करत होत्या.

"बायनाबाई, दिवसा आमच्या क्वार्टरात कोणी येतं का हो?"

बायनाबाईंचा हात वड्यांवरच थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

"म्हणजे... येतं?"

"मी नाव नाई घेत बाई. शपथ हाये मले."

रंजीताच्या आजोळीही धानाच्या बांधीत उभी असलेली माणसं जंगलातल्या 'त्याचं' नाव घेत नसत. नाव घेतलं की तो येतो. म्हणून नुसतं 'ते', फार तर 'मोठे साहेब'.

"ते?" तिने कुजबुजत विचारलं.

"तेच."

"कुठून येतात?"

"मांगून. त्या पडक्या भिंतीवरून. दबकत दबकत. आंधी इकडं पाह्यतेत, मंग तिकडं, मंग सुटकन अंदर."

"दिसायला कसे?"

"पिवळे जर्द. आंगावर चमचम पट्टे."

"आणि करतात काय?"

"काय करतीन? अर्ध्या घंट्यानं तोंड पुसत निंगून जातेत. परवा त सांबार घेऊन आलते. एवढा मोठा! बुडाशी धरलेला, खाली लोंबकळत, टपटप गळून राह्यलं होतं."

जन्मभर बाजारातून सांबाराच्या जुड्या आणलेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी शिंगांचं, चार पायांचं सांबर उभं राहिलं. तेही लोंबकळत. ती उलट्या पावली घरात पळाली आणि तिने कडी लावली.

"मी त म्हनलं चाय घेता काय," बायनाबाई वड्या उचलत बोलतच होत्या, "त म्हनले, नाई काकू, टाईम नाई." हे ऐकायला रंजीता तिथे नव्हती.

रोशन आल्या आल्या तिने सगळं सांगितलं. त्याला पाण्याचा ठसका लागला. बराच वेळ खोकून तो म्हणाला, "तू नोको घाबरू, रंजू. तू कामावर जा. त्याचं मी पाहून घेतो."

एकटा! वाघाला! रंजीताला भरून आलं. असल्या माणसाला एकटं सोडायचं?

गुरुवारी तिने हाफ डे टाकला. अकराच्या सुमाराला कॉलनीच्या गेटवरच्या वॉचमन धनराजला काठीसह घेऊन ती मागच्या बाजूने आली. धुकं अजून जमिनीवर बसलेलं. झाडावरची माकडं एकाएकी खॅक खॅक ओरडायला लागली. वाघ दिसला की ती तशीच ओरडतात, हे इथल्या पोराटोरांना माहीत. मागचं दार अर्धवट उघडं. उंबऱ्यावर लाल थेंब, ताजे. आणि आतून आवाज, घुर्र... थांबून पुन्हा घुर्र... (स्वतःच्या रुखवतातला मिक्सर ओळखू न येणारी पूर्ण चंद्रपूर जिल्ह्यात ती एकटीच असावी.)

"धनराजभाऊ, पुढे व्हा," ती पुटपुटली.

"मी काऊन? क्वार्टर तुमचं हाये."

तेवढ्यात दाराच्या फटीतून दिसली ती पिवळी पाठ. पट्टे! रंजीताने अशी किंकाळी फोडली, की धनराजने काठी टाकून शिट्टी फुंकली. पाठ गर्रकन वळली आणि रंजीताच्या डोक्यावर काहीतरी ओलं, हिरवं येऊन पडलं.

सांबाराची जुडी होती ती. आणि समोर कंपनीचं पट्ट्यांचं सेफ्टी जॅकेट घातलेला रोशन, एका हातात पळी, दुसरा हात रिकामा, आणि ओट्यावर उघडा शुक्रवारचा डबा.

"उंबऱ्यावर रक्त!" रंजीता ओरडली.

"रक्त नाई वो, भेदरं पडलं हातातून," रोशन म्हणाला. भेदरं म्हणजे टमाटर. (पण त्या घटकेला घरात भेदरलेलं दुसरंही कोणी होतं.)

मग सगळं बाहेर आलं. सोमवारचा डबा रोशनच्या सेक्शनमधल्या चौघांनी सकाळीच चाखला होता आणि चौथा अजून ड्यूटीवर आला नव्हता. शुक्रवारी आईने हा रस्सा चाखला, तर रंजूची नोकरी गेली, हे रोशनला कळून चुकलं. लग्नाआधी सहा वर्षं तो खोलीवर हाताने करून खायचा. म्हणून रोज अकराच्या चहाच्या सुट्टीत साहेबाला सांगून घरी यायचं, उद्याचा डबा सुधारायचा आणि परत. बायनाबाईंना शपथ घातली होती, माह्यं नाव सांगाचं नाई.

"मला सांगितलं असतं तर?" रंजीता रडत म्हणाली.

"तू किती खुशीत चिठ्ठ्या लावल्या होत्या डब्ब्यांना."

बाहेरून धनराजने हाक मारली. तो पडक्या भिंतीपाशी वाकून बसला होता. ओल्या मातीत रोशनच्या बुटाचा ठसा होता. त्याच्या शेजारी, ताटलीएवढा, चार बोटांचा आणखी एक. ताजा.

"रोशनभाऊ," धनराज हळूच म्हणाला, "हा बी तुमचाच व्हय काय?"

माकडं अजून ओरडतच होती. तेव्हापासून रोशन पुढच्याच दाराने ये-जा करतो.

शुक्रवारी सकाळी सातला रुखमाबाई पहिल्या एस.टी.ने हजर झाल्या. रस्सा रंजीताचाच आहे असं सांगायचं, हे नवराबायकोचं ठरलेलं होतं. रुखमाबाईंनी पोळीच्या तुकड्याने एक घास घेतला. डोळे मिटले. मग आणखी एक घेतला.

"हा त माह्या रोशनच्या हातचा रस्सा हाये," त्या म्हणाल्या. "मीच शिकवला त्याले. तुह्यावाला कोनता?"

कोपऱ्यात सोमवारच्या डब्यात तळाशी थोडं उरलं होतं. लपवायला उशीर झाला. रुखमाबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. पदराने डोळे पुसले आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू नोकरीच कर, बाई. अजाबात सोडू नोको. तू घरी बसून सयपाक करून राह्यली, त माह्यं पोरगं जगन कसं?"

नोकरी वाचली! रंजीता आनंदाने सासूच्या पाया पडली, बस पकडली, दीपिकाला पेढा दिला. तो अपमान होता, हे तिच्या लक्षात यायला मंगळवार उजाडला.