काचमहालावरील स्वारी आणि रबरी टोप

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो. सांगत्याची जीभ आणि ऐकत्याचे कान ठिकाणी राहोत. यमाजीरावांच्या सूनबाई दिवस भरण्याआधी प्रसूत होऊन कन्यारत्न झाले, ते साल, कार्तिक मास. पंचांगात शक कोणताही असो, त्या दौलतीत त्यास काचेचे साल म्हणतात. दौलत म्हणजे तीन खोल्या, एक अंगण आणि यमाजीरावांचा जुना कॅमेरा. मूल मुठीएवढे, म्हणून इस्पितळातील वैद्यांनी त्यास तशाच इतर मुलांसंगे काचेच्या महालात ठेविले आणि बाहेर काढण्यास मनाई केली. इकडे रावांच्या मातोश्री अन्साबाई अंथरुणास खिळलेल्या. अन्न सुटले होते, श्वास राहिला होता तो एवढ्यासाठी की परतवंडाचे मुख पाहिले म्हणजे स्वर्गास सोन्याची शिडी लागते. कोणी कुजबुजले की शिडी पणतूची, पणतीची नव्हे, तर मातोश्री डोळे न उघडता बोलल्या, "मग मला लाकडाची लावा, पण पोरीचं तोंड दाखवा."

मूल येणे नाही आणि मातोश्री जाणे नाही, असा पेच पडला, तेव्हा राव कॅमेरा गळ्यात घालून स्वारीस निघाले आणि काचेबाहेरून छबी टिपून, रोल धुऊन घेऊन आले. मातोश्रींनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, "यमाजी, हा तर तूच. तुझं थोबाड मी जन्मभर बघते आहे." खरेच, काचेत राव, रावांच्या मिशा आणि छताची ट्यूबलाइट, मूल कोठेच नाही. मग राव कॅमेऱ्यांचे दुकानदार इस्माईलभाई यांजकडे दाखल झाले. भाईंनी सांगितले की भिंगास टोप घालावा आणि टोप काचेस भिडवावा, म्हणजे मधे परका उजेड शिरत नाही. आणि तीन टोप पुढे मांडिले. एक धातूचा, झळाळता; एक प्लास्टिकचा, कमळाच्या पाकळ्यांसारखा कापलेला; आणि एक रबराचा, काळा, घडीचा. राव रबराकडे पाहून हसले.

"भाई, हा टोप की बंबाचा वायसर?"

"वायसर समजा. पण काचेला नीट टेकेल तो हाच. पाकळ्यांच्या फटींतून उजेड घुसतो, आणि धातू वाकत नाही."

"आमच्या घराण्यात कोणी वाकत नाही," असे म्हणून रावांनी धातूचा उचलला आणि स्वारी काचमहाली आली. टोप भिडविताच ठण्ण झाले, आतील मुले दचकून रडू लागली आणि तेथील मुख्य परिचारिका फिलोमिनाबाई धावत आल्या. "आजोबा, ही काय देवळातली घंटा आहे? आत जीव आहेत!" सगळी मुले रडली, रावांची नात तेवढी रडली नाही, नुसते तोंड उघडून राहिली, रडण्याचे बळ तिजपाशी नव्हते. ते रावांनी पाहिले आणि मान खाली घालून बाकावर बसले आणि मनात आले की ज्याच्या जवळ जावयाचे ते नाजूक असेल, तर जाणाऱ्याने मऊ झाले पाहिजे. एवढे कळण्यास हयात गेली.

मग राव पुन्हा दुकानी गेले. भाईंनी रबरी टोप हाती दिला आणि निघताना एवढेच सांगितले, "तुमचं भिंग रुंद नजरेचं. टोप पुरता उघडू नका, अर्धा दुमडूनच ठेवा, नाहीतर टोपाची कड छबीत येऊन कोपरे काळे येतील." रावांनी मान डोलावली. परंतु काचेपाशी उभे राहताच भय पडले की या खेपेसही उजेड शिरला तर मातोश्रींना वेळ कोठे आहे. आणि त्यांनी टोप पुरता उघडला. रबर काचेस टेकले ते मांजराच्या पावलाने. फिलोमिनाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनीही श्वास धरला.

छबी आली तो मूल स्वच्छ: नाक, कपाळाची आठी, मिटलेली मूठ. परंतु चारी कोपरे काळे. राव खजील होऊन मातोश्रींपुढे बसले आणि म्हणाले, "आई, चुकलो. भाईंनी बजावलं होतं." मातोश्रींनी फार वेळ पाहिले, बोट मुलीच्या कपाळावर ठेविले आणि मग म्हणाल्या, "चुकलास कुठं? तीट लावलीस. एक पुरली असती, तू चार लावल्यास." त्या दिवशी त्यांनी दोन घास खाल्ले आणि परतवंडाचे मुख पाहिले म्हणून रावांनी रीतीप्रमाणे घरातील सोन्याचे फूल त्यांच्या मस्तकावर वाहिले.

ऐसी ही हकिकत. धातूचा टोप फळीवर आहे, अद्याप झळाळतो. रबरी टोप वापरून सैल झाला. मूल पौषात घरी आले. अन्साबाई त्याआधी, मार्गशीर्ष वद्य नवमीस, सकाळी वारल्या.