डबल बेलची घोडी

घोडीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान आत घातली आणि ओट्यावरची अर्धी कोबी उचलली, तेव्हा कंडक्टरांच्या बायकोनं सुरी खाली ठेवली.

"अहो, तुमची गाडी आत आलीय."

"हाकलू नकोस तिला. सिंगल बेल दे, थांबेल."

"मी बेल देऊ? मी काय तुमच्या डेपोत नोकरीला आहे?"

कंडक्टर लगबगीनं आले, खिशातून सायकलची घंटी काढून त्यांनी एकदा वाजवली. टिंग. घोडी होती तिथे खिळून उभी राहिली. कोबी मात्र तिनं सोडली नाही, तेवढं शिक्षण अजून व्हायचं होतं.

कंडक्टरांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. एकतीस वर्षं ते बसच्या मागच्या दारात उभे राहिले आणि त्यातली बहुतेक वर्षं पुढे स्टिअरिंगवर त्यांचा सख्खा मेव्हणा होता. चार माणसं जमली की मेव्हणे मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "गाडी आपण चालवतो. भाऊजी फक्त घंटी वाजवतात." सगळे हसायचे. बायकोही हसायची आणि नेमकं तेच कंडक्टरांना लागायचं. आयुष्यात एकदा तरी पुढे बसून काहीतरी स्वतः चालवायचं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती. मोटार शिकायला गेले, तर शिकवणाऱ्यानं तिसऱ्या दिवशी कोपरापासून हात जोडले. मग वस्तीबाहेरच्या तबेल्यातून त्यांनी तीन वर्षांची घोडी आणली. तिच्या पाठीवर तोवर माशीखेरीज कुणी बसलेलं नव्हतं.

"घाई करू नका," तबेलेवाल्यानं बजावलं होतं. "आधी जमिनीवर उभं राहून शिकवा. तिला तुमची सवय झाली की मगच बसा."

कंडक्टरांनी हे वाक्य फारच मनावर घेतलं. पहिला महिना त्यांनी नुसता तिला चारण्यात आणि खरारा करण्यात घालवला. त्या काळात घोडीनं दोनदा त्यांच्या पायावर पाय दिला आणि दोन्ही वेळा त्यांनीच तिची माफी मागितली. मग हुकूम शिकवायची वेळ आली. कंडक्टरांना जन्मात दोनच हुकूम ठाऊक होते. डबल बेल म्हणजे चला, सिंगल बेल म्हणजे थांबा. लांब दोर हातात धरून ते घोडीच्या मागून चार पावलांवर चालायचे, कारण मागून सगळं नीट दिसतं, अशी त्यांची एकतीस वर्षांची समजूत. फाटक, शिंप्याचं दुकान, पाण्याची टाकी आणि परत. पुढे पाठीवर खोगीर चढलं. खोगिरावर वाळूचं पोतं आलं. घोडी पोतं घेऊन अशी झुलत चालायची, की शिंपी मशीन थांबवून बघत बसायचा. लगाम ओढला की थांबायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलंच नाही. ब्रेक हा ड्रायव्हरचा विषय, त्यात कंडक्टरांनी कधी नाक खुपसलं नव्हतं.

स्वारीला रविवार ठरला. मेव्हण्यांना बोलवायचं नव्हतं, पण बायकोनं ते काम आधीच उरकलं होतं.

कंडक्टर इस्त्रीचे कपडे घालून स्टुलावर चढले आणि तिथून खोगिरात बसले. ऊर भरून आला होता. त्यांनी लगाम धरला आणि रुबाबात घंटी वाजवली. टिंग टिंग.

घोडीनं मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तिनं दुसऱ्या बाजूनं पाहिलं. पुन्हा डबल बेल झाली, तशी ती गोल फिरून कंडक्टरांना शोधू लागली.

"भाऊजी, फाटकापर्यंत तरी पोचणार का आज?" मेव्हण्यांनी विचारलं. शिंपी तोंडावर हात ठेवून हसला. बायको या वेळी हसली नाही, आणि ते कंडक्टरांना जास्तच झोंबलं.

दहा मिनिटं प्रयत्न करून ते उतरले. चेहरा पार पडला होता.

"द्या इकडे. हे चालवणाऱ्याचं काम आहे," म्हणत मेव्हणे टांग टाकून वर बसले. त्यांनी टाच मारली, लगाम हलवला, तोंडानं चक् चक् केलं. घोडी ढिम्म. कंडक्टर मान खाली घालून मागे जाऊन उभे राहिले, बरोबर चार पावलांवर. अंगठ्यानं सवयीनं आपलं काम केलं. टिंग टिंग.

घोडी झुलत निघाली.

"बघितलंत? हाताचा गुण लागतो," मेव्हणे शिंप्याला ओरडून म्हणाले. घोडीच्या लेखी पाठीवर नेहमीचं पोतं होतं.

टाकीपाशी मेव्हण्यांनी लगाम खेचला. घोडी चालत राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी खेचला. घोडी टाकी ओलांडून मोठ्या रस्त्याच्या दिशेनं निघाली.

"भाऊजी, ही थांबत नाहीय."

"ब्रेक दाबा की," मागून पाय उचलत येणारे कंडक्टर म्हणाले.

"ब्रेक कुठाय हिला? अहो, समोरून ट्रक जातायत. घंटी मारा."

कंडक्टरांनी रस्त्याकडे पाहिलं. अजून दोनशे पावलं होती, म्हणजे बोलण्यापुरता भरपूर वेळ होता.

"घंटीनं काय होणार? घंटी काय, कुणीही वाजवतं."

"चुकलो भाऊजी. पाया पडतो."

"आधी सांगा, ही चालवतंय कोण?"

मेव्हण्यांनी घोडीच्या मानेला मिठी मारली होती. तिथूनच आवाज आला, "तुम्ही. तुम्हीच चालवताय. आजवर गाडीही तुम्हीच चालवली."

टिंग.

घोडी खिळली. मेव्हणे तिच्या खांद्यावरून घसरत गवतात येऊन बसले आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. कंडक्टरांनी घोडीच्या मानेवर हात फिरवला, तिला वळवलं आणि पुन्हा चार पावलं मागे झाले. परतीच्या वाटेवर खोगीर रिकामंच होतं. घोडी ऐटीत पुढे, मागे कंडक्टर आणि त्यांच्या मागे लंगडत मेव्हणे.

फाटकात बायको वाट बघत उभी होती. रिकाम्या खोगिराकडे पाहून तिनं काळजीनं विचारलं, "काय हो, शेवटी बसलात का नाही?"

"मी कशाला बसू?" कंडक्टर घंटी खिशात टाकत म्हणाले. "बसायला ड्रायव्हर ठेवलाय."