बावीस ग्रॅम कमी

"अहो, हा चमचा गळतोय!"

बायकोने साखरेच्या बरणीतून चमचा बाहेर काढला होता आणि त्यातली साखर चहात पडायच्या आत परत बरणीत पडली होती. तिने चमचा उजेडाकडे धरला. त्याच्या खोलगट भागात गोल गोल भोकं होती, एका ओळीत, सगळी सारखी. इतकी सुबक भोकं दातांच्या ड्रिलशिवाय पडत नाहीत, आणि दातांचं ड्रिल घरात एकाच माणसाकडे होतं.

"ते होय," मागच्या खोलीतून आवाज आला. "अंदाज घेत होतो. भोकं पाडली की धातूचं वजन किती उतरतं ते बघायला."

"किती उतरलं?"

"दीड ग्रॅम!" आवाजात आनंद मावत नव्हता.

"छान. आता चहा कशाने ढवळू, बोटाने?"

कवळीवाले बाहेर आले. नाकावर भिंग, भुवयांवर पांढरी भुकटी, हातात एक इवलंसं गुलाबी चाक. धंदा कवळ्या बनवायचा, म्हणून सगळा परिसर त्यांना कवळीवाले म्हणायचा. पण जीव अडकला होता रिमोटवर पळणाऱ्या बग्ग्यांमध्ये. हातभर लांबीची गाडी, चार जाड चाकं, मागे पंखासारखी पट्टी, आणि मैदानावर मातीच्या उंचवट्यांवरून उड्या. दर हंगामात शर्यत व्हायची, दर हंगामात कवळीवाल्यांची बग्गी पहिल्याच उडीला पालथी पडायची आणि पाय वर करून चाकं फिरवत राहायची.

हरण्याचं त्यांना फारसं वाटत नसे. वाटायचं ते मेहुण्याचं. हा मेहुणा विमा विकायचा, दुकानातून तयार बग्गी आणायचा आणि जिंकायचा. मग ताईच्या घरी जेवायला येऊन वाटी पालथी करून दाखवायचा. "भावोजींची गाडी अशी आली, अशी उडाली आणि ही अशी!" वाटी टेबलावर गरगर फिरायची. सासरेसुद्धा हसायचे. एकदा तर कवळीवाल्यांच्या हातातलीच वाटी त्याने काढून घेतली होती.

गेल्या खेपेला कवळीवाल्यांचा पारा चढला. "या वेळी तुझ्या पुढे नाही गेलो तर बघ!"

"काय बघू?"

"काय म्हणशील ते!"

"मग मागची खोली ताईला द्या. सगळा पसारा माळ्यावर. कायमचा."

"मान्य!" असं ठणकावून कोणीतरी म्हणालं. कवळीवाल्यांनी वळून बघितलं, तर ती बायको होती.

"अगं, तू काय मान्य करतेस?"

"तुम्ही करणारच होतात. मी वेळ वाचवला."

बायकोला त्या खोलीत फार काही करायचं नव्हतं. एक खुर्ची टाकायची, दार लावायचं आणि कोणीही हाक मारणार नाही असं बसायचं. एवढंच. पण त्या खोलीत आजवर खुर्ची टाकायला जागा कधी झालीच नव्हती.

मग कवळीवाले इरेला पेटले. आपल्या गाड्या पालथ्या का पडतात यावर त्यांनी विचार केला आणि उत्तर काढलं: जड आहेत म्हणून. जड गाडी आपटते, हलकी गाडी तरंगते. म्हणून यंदाची बग्गी दुकानातली नाही, स्वतःच्या हातची, आणि हलकी. इतकी हलकी की मेहुण्याचा श्वास लागला तरी हलली पाहिजे.

हत्यारं तर हाताशीच होती. गाडीच्या कवचाचा साचा त्यांनी प्लॅस्टरमध्ये ओतला, रुग्णाच्या जबड्याचा ओततात तसाच. झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक पत्रा गरम करून दातांवर ओढून बसवायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्याच यंत्रावर त्यांनी गाडीचं कवच ओढलं. चाकं कवळीच्या गुलाबी मालाची केली. सांगाड्यात जिथे तिथे भोकं पाडली. दर दोन स्क्रूंमधला एक काढला आणि उरलेल्यांची डोकी घासली. रंगालाही वजन असतं हे लक्षात आल्यावर गाडी एकाच बाजूने रंगवली, प्रेक्षकांच्या बाजूने.

एव्हाना त्यांना वेडच लागलं होतं. हातात येईल ती वस्तू आधी काट्यावर जायची. कंगवा, शर्टाचं बटण, बायकोची कानातली.

"काढा ती काट्यावरून. मला लग्नाला जायचंय."

"चार ग्रॅम. दोन्ही कानांत मिळून. तुला जड नाही वाटत?"

"मला तुम्ही जड वाटताय."

चाचणी हॉलमध्ये झाली. बायकोने पंखा लावला तर बग्गी आपोआप सोफ्याखाली गेली. दुसऱ्या कोणाला याची काळजी वाटली असती. कवळीवाले टाळ्या पिटत नाचले.

शर्यतीच्या सकाळी मैदान फुललं होतं. मातीचे उंचवटे, वळणांवर जुने टायर, एका बाजूला चालकांसाठी लाकडी मचाण. सासरे खास आले होते. मुलगा आणि जावई एकाच शर्यतीत म्हटल्यावर त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"जावईबापू, मी तुमच्या बाजूने."

"बाबा!" मेहुणा म्हणाला.

"तू जिंकून जिंकून कंटाळा आणलास."

शर्यतीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होई. तपासनीस म्हणजे आयुष्यभर वजनमापं तपासून निवृत्त झालेला माणूस, चेहरा तराजूसारखाच सरळ. कवळीवाल्यांनी बग्गी दोन बोटांनी उचलून ऐटीत काट्यावर ठेवली. तपासनीसांनी आकडा बघितला. काटा झटकला. परत बघितला.

"यात बॅटरी आहे?"

"आहे तर!"

"मोटर?"

"सगळं आहे. हलकी आहे ना?" कवळीवाल्यांनी मेहुण्याकडे तिरकं बघितलं.

"हलकी आहे. म्हणूनच पळवता येणार नाही. बावीस ग्रॅम कमी आहे."

"कमी म्हणजे?"

"कमी म्हणजे कमी. एका ठरावीक वजनाच्या खाली गाडी चालत नाही."

कवळीवाल्यांच्या हातातला रिमोट खाली आला. "हा नियम नवीन काढला का?"

"पहिल्यापासून आहे. तुमच्या गाड्या आजवर इतक्या गलेलठ्ठ असायच्या की तुम्हाला सांगायची वेळच आली नाही."

मेहुणा मचाणाचा खांब धरून हसत होता. "भावोजी, एक दगड बांधा! मोठासा!"

"शर्यत सुरू व्हायच्या आत वजन वाढवा," तपासनीस म्हणाले. "बावीस ग्रॅमच्या वर कितीही चालेल."

पण कितीही कसं चालेल? ज्या माणसाने स्क्रूंची डोकी घासली, तो दगड बांधेल? "बरोबर बावीस पाहिजे," कवळीवाले म्हणू लागले. "एक ग्रॅम जास्त नको." बायकोने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. जास्त. रुमाल? कमी. तिने कानातली काढली.

"चार," ते न बघताच म्हणाले.

"अहो, दगड बांधा आणि मोकळे व्हा. माझं काय जातंय, खोली मलाच मिळणार आहे!"

हे ऐकून सासरे खो खो हसले. तोंड भरून, वरची सगळी बत्तिशी दाखवत. आणि कवळीवाले त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती कवळी त्यांनीच बनवली होती, नुकतीच. द्यायच्या आधी, सवयीने, काट्यावर ठेवली होती.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "वरची काढता?"

"काय?"

"वरची कवळी. बावीस ग्रॅम. एकदम बरोबर."

"वेड लागलंय का?" बायको म्हणाली.

"शर्यतीपुरती! बाबा, तुमच्या जावयाची इज्जत तुमच्या टाळूला चिकटलीय."

सासऱ्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा अजून खांब धरून हसतच होता. त्यांनी पाठ वळवली, रुमाल तोंडाशी नेला आणि कवळी जावयाच्या हातावर ठेवली.

"पण मग मी ओरडू कसा?" एवढं ते म्हणाले असावेत. त्यानंतर ते जे बोलले ते घरच्यांनाही कळलं नाही.

कवळी बग्गीच्या नाकाडावर मापाने शिवल्यासारखी बसली. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. काट्यावर आकडा तंतोतंत. तपासनीस बराच वेळ गाडीकडे बघत होते आणि गाडी त्यांच्याकडे बघून हसत होती.

"दात लावू नयेत असा नियम नाही," ते शेवटी म्हणाले.

शर्यत सुटली. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले, कारण गुलाबी चाकांची ती हसरी बग्गी वाऱ्यासारखी सुटली होती. मेहुणा पुढे, कवळीवाले मागे. बायको खोलीच्या आशेने मचाणाखाली उभी होती, पण दुसऱ्या वळणाला तिच्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक! आता ब्रेक!"

कवळीवाल्यांनी घाबरून ब्रेक मारला. गाडी सरळ राहिली. असं आजवर झालं नव्हतं.

"सोडा! आता डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे नाही, तिच्या!"

सासरेही काहीतरी ओरडत होते, हात नाचवत होते.

"बाबा काय म्हणतायत?" कवळीवाले ओरडले.

"त्यांना काय ऐकता, माझं ऐका! उडीच्या आधी हळू! हं, आता सोडा!"

बग्गी उडी मारून अलगद टेकली आणि मेहुण्याच्या पुढे गेली. मैदान दणाणलं. कवळीवाल्यांच्या अंगात आलं. शेवटची फेरी, शेवटची उडी, मागे मेहुणा. खालून बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती, "ब्रेक! ब्रेक! अहो, ब्रेक!" पण पुढे असलेल्या माणसाला कोणाचं ऐकू येतं? त्यांनी बोट पूर्ण दाबलं.

बग्गी आभाळात गेली. हवेत वळली, एक कोलांटी पूर्ण केली आणि सगळ्या नियमांविरुद्ध चारी चाकांवर खाली आली. चिकटपट्टीला मात्र हे झेपलं नाही. कवळी सुटली, दोन टप्पे घेतले आणि रस्त्याच्या अगदी मधोमध, दात वर करून, पडून राहिली.

मेहुण्याची गाडी पूर्ण वेगात तिच्यावर चालून येत होती.

"थांऽऽब!" सासरे ओरडले. हे मात्र सगळ्या मैदानाला कळलं.

मेहुण्यासमोर एका बाजूला जिंकणं होतं आणि दुसऱ्या बाजूला जन्मदात्याचे दात. त्याने डोळे मिटले आणि ब्रेक लावला. कर्रकन आवाज आला. गाडी कवळीपासून वीतभर अंतरावर थांबली आणि पुन्हा हललीच नाही. आतलं दातेरी चाक फुटलं होतं. बापाचे दात वाचवताना लेकाच्या गाडीचे दाते गेले.

तिकडे कवळीवाल्यांनी रेषा ओलांडली होती. ते मचाणावरून उडी मारून खाली आले, बायकोला मिठी मारता मारता थबकले आणि त्यांनी तपासनीसांना मिठी मारली.

"सोडा," तपासनीस म्हणाले. "आणि गाडी काट्यावर ठेवा."

"आता कशाला?"

"शर्यत झाल्यावरही वजन होतं."

आकडा सगळ्यांनी बघितला. बावीस ग्रॅम कमी.

"बाद," तपासनीस म्हणाले.

"आणि मी?" मेहुण्याने विचारलं.

"तुम्ही शेवटून पहिले. पण निकालात आहात."

"म्हणजे भावोजींच्या पुढे!" मेहुणा जागच्या जागी उडाला. सासऱ्यांनी कवळी नळाखाली धुतली, बसवली आणि पहिलं वाक्य बोलले, "गाढवा, नाचतोस काय? ती मोडकी गाडी उचल आधी."

संध्याकाळपर्यंत मागची खोली रिकामी झाली. कवळीवाले एकेक खोकं भरत होते, मेहुणा माळ्यावर चढवत होता. आश्चर्य म्हणजे तो वाटीबद्दल एक अक्षर बोलला नाही. शेवटी जड टेबल बाहेर गेलं. बायकोने खोलीत एकच खुर्ची नेली, मधोमध ठेवली, बसली आणि दार लावून घेतलं.

बाहेर दोघं पुरुष दाराकडे बघत उभे राहिले. आतून काहीच आवाज येईना.

"झोपली असेल," मेहुणा कुजबुजला.

"ती दिवसा झोपत नाही," कवळीवाले म्हणाले. त्यांचा चेहरा भुकटी पुसल्यावर फारच लहान दिसत होता.

मग दार उघडलं.

"टेबल आत आणा."

"अगं, पण पैज..."

"पैजेप्रमाणे खोली कोणाची?"

"तुझी."

"मग माझ्या खोलीत काय व्हायचं ते मी ठरवणार. गाडी बनणार. तुम्ही बनवायची."

कवळीवाल्यांचे डोळे चमकले. "आणि या वेळी मी शेवटच्या उडीला..."

"तुम्ही नाही. शेवटच्या उडीला मी काय ओरडत होते?"

"ब्रेक."

"तुम्ही काय केलंत?"

कवळीवाले टेबलाचा कोपरा चाचपू लागले. "मग मी मैदानावर काय करू?"

"वळणावर उभं राहायचं. माझी गाडी पालथी पडली तर पळत जाऊन सरळ करायची. पडणार नाही, पण उभं राहायचं."

"ताई चालवणार?" मेहुण्याने विचारलं.

"हो. आता तो रिमोट कुठून चालू होतो ते दाखवा कोणीतरी. आणि हसायचं नाही."

कवळीवाले हसले नाहीत. त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला आणि तिचा अंगठा बरोबर जागी ठेवून दिला. मेहुणा मात्र भिंतीला टेकून पोट धरधरून हसला. पुढच्या हंगामातल्या शर्यतीनंतर त्याने ते बंद केलं.