गळक्या नळाचं मूल्यांकन

प्लंबरच्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच आठवड्यात राजीनामा दिला. तीस वर्षं लोकांच्या सिंकखाली उकिडवं बसून काढली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उकिडवं बसणं बंद, नाहीतर उभं राहणंही बंद. धंदा सोडायचा तर खायचं काय, हा प्रश्न होता. उपाय बायकोनेच काढला.

"अहो, ते तुमचं इंटरनेटवरचं नाव विका की. लोक म्हणे नावं विकून बंगले बांधतात."

नाव होतं 'नळ गळतोय डॉट कॉम'. पंधरा वर्षांपूर्वी प्लंबरने ते हौसेने नोंदवलं होतं आणि दरवर्षी न चुकता फी भरून जपलं होतं. त्यावर एकच पान, आणि पानावर त्याच्या उस्तादाने दिलेली एकच ओळ: गळका नळ कुणालाही न बोलावता पाच मिनिटांत कसा थांबवायचा. ओळ इतकी सोपी, की माणसं वाचून आधी हसतात आणि मग करून बघतात. ती मी शेवटी सांगणारच आहे. पानाच्या कोपऱ्यात एक जाहिरात होती. बिचारी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

डोमेनचे भाव ठरवणाऱ्या कचेरीत एक तरुण भावतज्ज्ञ बसला होता. टेबलावर एक कॅल्क्युलेटर आणि एक कुंडी, तीही प्लास्टिकच्या झाडाची. त्याने पान उघडलं, ओळ वाचली आणि हळहळला.

"काका, नाव झकास आहे. पण भाव नावाला नसतो, कमाईला असतो. महिन्याला जाहिरातीतून जे मिळतं, त्याच्या तीसपट किंमत. नियमच आहे तसा."

"मग माझी किती?"

"तुमची महिन्याची कमाई दोन कप चहा. म्हणजे झाले साठ कप."

मग त्याने सुबक अक्षरात अहवाल लिहिला: 'वाचक भरपूर. मजकूर अचूक. त्रुटी: वाचकाची अडचण सुटते.'

प्लंबरला वाटलं, चुकून लिहिलं. "पण साहेब, नळ थांबतो ना?"

"थांबतो, तीच तर बोंब आहे. नळ थांबला की माणूस निघून जातो. मग जाहिरात बघणार कोण? उत्तर खाली ढकला."

उत्तर खाली ढकललं. वर 'नळाचा इतिहास', 'नळ म्हणजे काय?' आणि 'नळ आणि मनःशांती' असे तीन लेख आले, मधेमधे जाहिराती. कमाई चौपट झाली. मग एका ओळीची दहा पानं झाली, पानागणिक एक शब्द. कमाई आणखी वाढली. पुढे भावतज्ज्ञाच्या असं निदर्शनास आलं, की नवव्या पानापर्यंत लोक वैतागून दिसेल तिथे दाबत सुटतात आणि दहाव्या पानावर समाधानी होतात. समाधानी माणूस काहीच दाबत नाही. सबब, दहावं पान रद्द करण्यात आलं.

"पण उत्तरच नसेल तर लोक परत कशाला येतील?" प्लंबरने विचारलं. त्याला आता थोडं थोडं कळायला लागलं होतं.

"शाब्बास काका. म्हणून अर्धं उत्तर द्यायचं. नळ खोला, एवढंच लिहा. आधी मेन कॉक बंद करा, हे काढून टाका."

"अहो, घरात पाणी भरेल."

"भरू द्या. नुसत्या गळक्या नळाला जाहिरातदार कोण? वायसरवाला. आणि भरलेल्या घराला बघा: फरशी, गालिचे, रंगकाम, विमा. सगळ्यांचे दर चढे."

 नळ गळता ठेवून प्लंबरने आजवर कुणाकडून पैसे घेतले नव्हते. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "हे काही मला जमायचं नाही."  बायकोने गरम पाण्याची पिशवी आणली आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवली. उजव्याची पाळी येईपर्यंत मेन कॉक पानावरून गेला होता.

नाव विकलं गेलं. बंगला नाही, पण लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या येतील एवढे पैसे मिळाले. विक्रीपत्रात 'उपयुक्तता' या रकान्यात 'निरंक' असं होतं, आणि त्याखाली खरेदीदाराची समाधानाची सही. प्लंबरने पाय वर करून बसायची खुर्ची घेतली. शेवटी पानावरून काय काढलं, हे बायकोने कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात नव्या घरातला नळ गळायला लागला. प्लंबर खुर्चीत डुलक्या घेत होता. त्याची झोप मोडायला नको, म्हणून बायकोने फोनवर शोधलं. सगळ्यात वर ओळखीचं नाव आलं. तिने ते उघडलं आणि नवऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवून नळ खोलला.

प्लंबर जागा झाला तेव्हा पाणी खुर्चीपर्यंत आलं होतं.

"अगं, मेन कॉक बंद न करता नळ खोलायला कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच," बायको म्हणाली आणि तिने ओला फोन पुढे धरला. पडद्यावर गालिच्यांची जाहिरात होती. घाबरून तिने ती दाबलीसुद्धा होती.

प्लंबर खुर्चीतून उतरला, पाण्यात दोन्ही गुडघे टेकले आणि सिंकखाली शिरला. तिकडे त्या नावाचा भाव एका दाबण्याने वाढला.

राहिली ती ओळ. मी विसरलेलो नाही. पण छापायला देण्याआधी ही गोष्ट भावतज्ज्ञाला दाखवली, तर त्याने शेरा मारला: 'वाचक शेवटपर्यंत टिकतो, उत्तम. त्रुटी: शेवटी ओळ सांगितलेली आहे.'

ती त्रुटी दूर करण्यात आली आहे.