सासूबाईंचं वायफाय आणि माझं सर्टिफिकेट

घरातलं वायफाय सुरक्षित कसं ठेवायचं, याबद्दल काही शंका असेल तर खुशाल मला विचारा. मी परीक्षा पास झालेला माणूस आहे! आमच्या विमा कंपनीने सगळ्यांकडून ऑनलाइन प्रशिक्षण करून घेतलं, शेवटी दहा प्रश्न टाकले, आणि मला दहापैकी नऊ. चुकला तो एकच, पाहुण्यांबद्दलचा. घरी आलेल्या पाहुण्याला वायफाय कसं द्यावं, असं काहीतरी विचारलं होतं. मी उत्तर दिलं, मोकळ्या मनाने द्यावं. आपल्याकडे पाहुणा म्हणजे देव, त्यात परीक्षा घेण्यासारखं काय आहे? प्रश्नच चुकीचा होता. मी सर्टिफिकेट पंचवटी कारंजावर लॅमिनेट करून घेतलं.

त्याच आठवड्यात जेलरोडच्या आमच्या फ्लॅटमधल्या फरश्या उखडायला घेतल्या आणि मी लॅपटॉप उचलून मखमलाबादला सासुरवाडीला आलो. बायको, मंजुषा, शिक्षिका. ती दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला सटाण्याला गेलेली. घरात मी आणि सासूबाई, रंगूबाई. वय बासष्ट, शिक्षण सातवी. घरामागे त्यांचं पॉलिहाऊस आहे, त्यात जरबेरा. त्या शुक्रवारी विंचूरच्या एका लग्नासाठी दीड हजार फुलं द्यायची होती. एवढी मोठी ऑर्डर सासूबाईंना पहिल्यांदाच मिळाली होती, आणि मंडपवाल्याने बजावलं होतं की एक पाकळी करपलेली दिसली तर पुन्हा फोन करणार नाही. दोन वर्षं त्या अशा ऑर्डरच्या फोनची वाट बघत होत्या. हे सगळं मला पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

आता आमच्या सासुरवाडीला जावई म्हणजे काय, ते सांगायला हवं. जावयाला काम सांगायचं नाही, नावाने हाक मारायची नाही आणि काही झालं तरी त्याला 'चुकलं' म्हणायचं नाही. मी उद्या म्हणालो की सूर्य पश्चिमेला, त्र्यंबकच्या बाजूने उगवतो, तरी सासूबाई म्हणतील, "असंल, जावईबापू." मला ही पद्धत फार आवडते. म्हणजे आवडायची.

सोमवारी सकाळी मी घराची तपासणी केली आणि हादरलोच! राउटर मागच्या खिडकीत, भाजीच्या उपड्या क्रेटवर ठेवलेला. बाहेर शेत, आत भिंत. शेताला कशाला हवंय वायफाय? मी तो उचलून माझ्या खोलीत लॅपटॉपशेजारी आणला. माझा व्हिडिओ कॉल असा चालायला लागला की साहेबांच्या नाकावरचा तीळसुद्धा मोजता यावा.

मग राउटरच्या आतला कारभार. त्याला वेगळा पासवर्ड लागतो. बहुतेक लोक कंपनीने दिलेला तसाच ठेवतात, सासूबाईंनी मात्र बदललेला होता. मला कौतुक वाटलं आणि मी तो मागितला. त्यांनी पदराला हात पुसले आणि सांगितला. वर म्हणाल्या, "जपून बरं का." मला वाटलं, माझी काळजी.

आत पाहतो तर वायफायला सहा जण जोडलेले! माझा लॅपटॉप, माझा फोन, सासूबाईंचा फोन, हे ठीक. उरलेली तीन नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरप्लेटसारखी. तिघंही दिवसभर अधूनमधून जागे व्हायचे आणि चिमूटभर डेटा खायचे. भुरटा चोर असाच असतो, थोडं थोडं नेतो. माझा संशय शेजारच्या राजूवर. मी तिघांनाही एका फटक्यात ब्लॉक केलं. वर राउटरचा पासवर्ड बदलून चोवीस अक्षरांचा ठेवला आणि प्रशिक्षणातल्या धडा सातप्रमाणे तो कुठेही लिहून ठेवला नाही. शेवटी सर्टिफिकेट स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. तिथे आधी कॅलेंडर होतं, ते मागे झाकलं गेलं, पण तारीख काय, फोनवरही दिसते.

मंगळवारपासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सासूबाई फार चालतात हो! दर अर्ध्या तासाने पॉलिहाऊसकडे जायच्या, घामाघूम होऊन परत यायच्या. बाहेर एकेचाळीस डिग्री. मी त्यांना म्हटलंसुद्धा, या वयात एवढा व्यायाम म्हणजे कमाल आहे. त्या म्हणाल्या, हो, पाय मोकळे होतात. मग हळूच विचारलं की ते पेटारं खिडकीत होतं तेव्हा बरं चालत होतं का. मी त्यांना वीस मिनिटं समजावलं की राउटर घराच्या आतच हवा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, एखादं यंत्र बंद करण्याआधी ते कुणाचं हाय, हे घरात इचारायचं असतं का? प्रश्न चांगला होता. मी त्यांना शाबासकी दिली आणि कॉलवर गेलो.

बुधवारी दुपारी जावयासाठी आमरस-पुरणपोळी! सासूबाई तव्यावर पोळी टाकायच्या, मागच्या दाराने धावत जायच्या, येऊन पोळी उलटायच्या. दोन पोळ्या करपल्या, त्या त्यांनी स्वतःच्या ताटात ठेवल्या. मी चौथीवर होतो तेवढ्यात मंजुषा सटाण्याहून आली. तिने आईचा लालबुंद चेहरा पाहिला, बॅग टाकली आणि मागे जाऊन आली.

"आई, फॉगर बंद का आहेत? आत बेचाळीस डिग्री झालंय, फुलं माना टाकायला लागलीत."

सासूबाई नुसत्या माझ्या वाटीत आमरस वाढत राहिल्या. मंजुषाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या रिकाम्या क्रेटकडे. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

तर ते तीन चोर! एक पॉलिहाऊसमधलं तापमान मोजणारं यंत्र, दुसरा धुकं उडवणाऱ्या फॉगरचा पंप, तिसरी ठिबकची मोटर. उकाडा वाढला की पंप आपोआप सुरू व्हायचा, आणि हे सगळं सासूबाईंनी स्वतः शिकून बसवलेलं होतं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. दोन दिवस ही बाई हाताने पंप चालू-बंद करत उन्हात धावत होती आणि मी तिला व्यायामाबद्दल शाबासकी देत होतो.

लॅपटॉपकडे धावलो. पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक! चोवीसपैकी मला सतरा अक्षरं आठवत होती. पाचव्या चुकीनंतर राउटरने मला बाहेरच काढलं. तिकडे दीड हजार फुलं आणि इकडे मी, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.

"सरका जरा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, राउटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसली आणि दहापर्यंत मोजलं. सगळे दिवे विझले, म्हणजे माझा सगळा पराक्रम पुसला गेला. मग स्वयंपाकघरातलं माझं सर्टिफिकेट बाजूला करून त्यांनी खालचं कॅलेंडर काढलं. दुधाच्या नोंदींशेजारी, पेन्सिलीने, सगळं होतं! इंटरनेट जोडायला इंटरनेटवाल्याने दिलेलं नाव, आणि तिन्ही यंत्रांचे शेवटचे चार अंक, पुढे 'मोटर', 'धुकं', 'थर्मामीटर'. एकादशीच्या प्रत्येक चौकोनात 'राउटर अपडेट'. उपास विसरायचा नाही, त्याबरोबर हेही विसरायचं नाही. फक्त पासवर्ड कुठे लिहिला नव्हता. तो तोंडपाठ होता, सगळाच्या सगळा.

वीस मिनिटांत राउटर क्रेटवर परत गेला. वायफायचं नाव त्यांनी जुनंच टाकलं, पासवर्डही जुनाच, त्यामुळे यंत्रं आपली आपण जोडली गेली. मागून फॉगरचा फुस्स आवाज आला आणि सासूबाई दोन दिवसांत पहिल्यांदा खाली बसल्या. खरं सांगतो, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही. त्या संकोचाने म्हणाल्या, जावयाने पाया पडू नये.

संध्याकाळपर्यंत फुलांनी माना वर केल्या. शुक्रवारी दीड हजार फुलं विंचूरला गेली, आणि रविवारी मंडपवाल्याचा पुन्हा फोन आला.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त बुधवारी संध्याकाळी सासूबाईंनी माझा फोन मागितला आणि त्यात एक नवं वायफाय जोडून दिलं. "तुमच्यासाठी येगळं केलंय. लय फास्ट हाय. तुम्हाला कुणाचा तरास नको." नाव होतं 'पाहुणे'. व्हिडिओ कॉल झकास चालतो. पण त्यावरून घरातलं दुसरं काहीही दिसत नाही, पंप नाही, मोटर नाही, राउटर तर नाहीच.

तेव्हा माझ्या डोक्यात त्या चुकलेल्या, पाहुण्यांच्या प्रश्नाचा उजेड पडला. कंपनी एकदा फेरपरीक्षा देऊ देते. मी पाहुण्यांच्या वायफायवर बसूनच ती दिली. दहापैकी दहा! नवं सर्टिफिकेट सासूबाईंना फोनवर दाखवलं आणि सहज विचारलं, हेही लॅमिनेट करून आणू का?

त्यांनी ते नीट वाचलं, कौतुकाने मान हलवली आणि भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडर आपल्या जागी होतं.

"आणा की," त्या म्हणाल्या. "पण खिळा एकच हाय, जावईबापू."